पाच अक्षरांचे नाव कोणास जड झाले?

निरगुडसर (तालुका आंबेगाव) येथील एका नवदीक्षित कुटुंबाने आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. प्रश्न दिसावयास घरगुती आहे. परंतु त्याचा विचार चारचौघांत व्हावा, इतक्या योग्यतेचा तो खास आहे. घरात मुलगा जन्मास आला. वडिलांनी 'बुद्धरक्षित' हे नाव योजिले. आजीस ते नीट उच्चारता येत नाही. शेजारी म्हणतात, एवढे लांबलचक नाव बांधावरून हाक मारावयाचे कसे? एक हितचिंतक सुचवितात की, 'बंटी' नाहीतर 'सोनू' ठेवून मोकळे व्हा. तेव्हा हे नाव ठेवावे की सोडावे, असा त्या कुटुंबाचा सवाल आहे.

वाचकहो, आमचे उत्तर आम्ही प्रथमच सांगून टाकतो. ठेवावे. मात्र ते का ठेवावे आणि ठेवल्यानंतर कोणती काळजी घ्यावी लागते, हे दोन्ही समजून ठेवावे.

नाव लांब आहे, ही तक्रार आधी पाहू. आपल्या तालुक्यात पांडुरंग घरोघर आहेत. ज्ञानेश्वर आहेत, मल्लिकार्जुन आहेत, पुरुषोत्तम आहेत. 'पुरुषोत्तम' ह्या नावाची अक्षरे पाच. 'बुद्धरक्षित' ह्याचीही पाचच. 'मल्लिकार्जुन' ह्यातील जोडाक्षरे 'बुद्धरक्षित' ह्यातील जोडाक्षरांपेक्षा सोपी आहेत, असे कोणी म्हणू शकेल काय? तेथे जीभ अडखळत नाही आणि येथेच अडखळते, ह्याचे कारण अक्षरांत नाही, सवयीत आहे. पिढ्यान् पिढ्या कानांवरून गेलेले नाव सोपे वाटते. आपल्या मुलांची भारदस्त नावे गावाच्या कानांवरून जाऊच दिली गेली नाहीत. म्हणून ती जड वाटतात.

ती का जाऊ दिली गेली नाहीत? ह्याचे उत्तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलेले आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकताच किळस यावी असे असावे, असा तेथे स्पष्ट दंडक आहे. शूद्रासच हा दंडक. मग जे चातुर्वर्ण्याच्याही बाहेर लोटले गेले, त्यांच्या वाट्यास काय आले असेल ते सांगावयास नको. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडास बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ह्या ग्रंथाचे दहन झाले. त्या ज्वाळांत पाण्याचा आणि देवळाचाच प्रश्न होता असे नव्हे. पाळण्यातील मुलाच्या नावाचाही प्रश्न त्यांत होता.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकू ही सारीच नावे वरच्यांनी लादलेली आहेत, असे म्हणणे खरे होणार नाही. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात दृष्ट लागू नये म्हणून असे टाकाऊ नाव मुद्दाम ठेवीत, आणि ही चाल सर्व जातींत होती. फरक पुढे पडत असे. वरच्या आळीतील धोंडू मोठा झाला की धोंडोपंत होई. खालच्या वस्तीतील धोंडू सत्तर वर्षांचा होऊन मरेपर्यंत धोंड्याच राही. नाव एकच, परंतु एकास वयाबरोबर मान चिकटे, दुसऱ्यास तो कधीच चिकटत नसे.

मानाचा शब्दही आपल्या वाट्यास आला म्हणजे कसा उतरे, ह्याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरलेले आहे. कोरेगाव भीमा येथील स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे आहेत. त्यांत 'नाक' हा प्रत्यय लागलेली नावे पुष्कळ आहेत. हा प्रत्यय 'नायक' ह्या शब्दापासून आला, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर मूळचा तो मानाचा शब्द. परंतु व्यवहारात त्याचे काम एकच उरले होते: ऐकणाऱ्यास जात कळविणे.

अशोकासारखा सम्राटही ह्या खोडीतून सुटला नाही. शिलालेखांत तो स्वतःस 'देवानंपिय पियदसी' म्हणवितो. देवांना प्रिय आणि प्रेमळ दृष्टीचा, असा त्याचा अर्थ. पुढे संस्कृत वैयाकरणांनी 'देवानांप्रिय' ह्या शब्दाचा अर्थ 'मूर्ख' असा नोंदवून ठेवला. राज्य गेले, विहार ओस पडले आणि बिरुदाची शिवी झाली! तेव्हा नावे निर्जीव असतात, नावात काय आहे, असे जे आपणांस सांगतात, त्यांनी स्वतःच्या मुलांची नावे कशी निवडली आहेत, तेवढे पाहून घ्यावे.

आता 'बुद्धरक्षित' ह्या नावाकडे वळू. हे नाव नवे आहे, कोणी पुस्तकातून काढले आहे, असा निरगुडसरच्या शेजाऱ्यांचा समज असावा. त्यांनी एक दिवस मोडून मंचर, नारायणगाव ह्या वाटेने जुन्नर गाठावे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत जी लेणी आहेत, ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध उपासकांच्या दानांतून कोरली गेली, आणि त्या दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत भिंतींवर आहेत. त्यांतील एका लेखात भरुकच्छाचे, म्हणजे आजच्या भडोचचे, दोघे भाऊ आपण दोन खोल्यांचे लेणे दान दिल्याचे सांगतात. त्या भावांची नावे बुधमित आणि बुधरखित. संस्कृत वळणाने बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित. जे नाव निरगुडसरास परके वाटते, ते निरगुडसरच्या शेजारच्या तालुक्यातील कातळात शतकानुशतके आपल्या जागी बसून आहे. परके झालो ते आपण.

त्याच लेण्यांत आणखीही नावे आहेत. लेण्याद्रीवर ज्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपतीची यात्रा भरते, तो मूळचा विहार. त्याच्या शेजारचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याने दिले. गृहपतींचा प्रमुख वीरसेनक ह्याने दुसरे एक चैत्यगृह सर्व लोकांच्या हितासाठी व सुखासाठी दिले. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याचे दान आहे. धान्याचे व्यापारी, बुरूड आणि कासार ह्यांच्या श्रेणींचीही दाने ह्या परिसरात नोंदलेली आहेत. म्हणजे हातांनी काम करणारा मनुष्य आपल्या धंद्याचे नाव न लाजता दगडावर लिहून ठेवीत होता.

आणि इरिल, चिट, चंद ही नावेही तेथेच आहेत. हे तिघे यवन. त्यांनी धम्मास दान दिले. पण नावे लांबविली नाहीत. ह्यावरून ध्यानात घ्यावे की, बौद्ध होण्यासाठी नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दीक्षा घेतली. परंतु भीमराव रामजी हे आपले नाव त्यांनी टाकले नाही. घरातील सखाराम, विठाबाई, तुकाराम ह्यांना त्यांच्या नावावरून हिणविणारे काही अतिउत्साही तरुण आम्ही पाहतो. त्यांनी हे विसरू नये. ज्या आजोबांनी धोंड्या म्हणवून घेत नातवंडांना शाळेत घातले, त्यांच्या नावास हसण्याचा अधिकार नातवंडांना नाही. नवे नाव नव्या पिढीसाठी आहे.

हे नाव कसे बनते, तेही पाहू. कारण अर्थ कळला म्हणजे नाव निम्मे पाठ होते. ही बहुतेक नावे दोन शब्दांची जोड असतात. पुढे बुद्ध, धम्म, संघ, बोधी, नाग, प्रज्ञा. मागे रक्षित, पाल, मित्र, दत्त, सेन, घोष, कीर्ती. धम्मपाल म्हणजे धम्म पाळणारा. बुद्धघोष म्हणजे बुद्धाचा घोष. विसुद्धिमग्ग हा ग्रंथ पाचव्या शतकात अनुराधपूरच्या महाविहारात लिहिणाऱ्या आचार्याचे हे नाव. दीपंकर म्हणजे दिवा करणारा, उजेड करणारा. वंगदेशचे आचार्य दीपंकर श्रीज्ञान हे उतारवयात हिमालय ओलांडून तिबेटात गेले आणि १०५४ साली तेथेच निवर्तले. धर्मकीर्ती हा सातव्या शतकातील तर्कशास्त्री. वकिली करणाऱ्या आम्हांस हे नाव विशेष आवडते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मग ते खोडावयाचे कसे, हे अशा आचार्यांकडून शिकावे. 'रक्षित' ह्या प्रत्ययाचा तर महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. अशोकाच्या काळी ठिकठिकाणी जे थेर धम्मप्रसारास धाडले गेले, त्यांत महाराष्ट्रात महाधम्मरक्खित आणि अपरान्तात, म्हणजे कोकणाकडे, यवन धम्मरक्खित आले, असे महावंस सांगतो.

येथे एक चिकित्सक वाचक हटकतील, ते योग्यच आहे. ते म्हणतील, बुद्ध हा मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे, अशी बाबासाहेबांची शिकवण. मग 'बुद्धाने रक्षिलेला' हे नाव म्हणजे देवाच्या हवाली केलेल्या मुलासारखेच नव्हे काय? आमच्या मते नव्हे. बुद्ध कोणास संकटातून उचलून काढीत नाही. त्याने दाखविलेल्या मार्गाने चालल्यामुळे जो राग, द्वेष आणि मोह ह्यांपासून वाचतो, तो बुद्धरक्षित. मुलास हा अर्थ सांगावा. न सांगाल तर तो शेजारच्या मुलाच्या नावाशी तुलना करून आपला अर्थ आपणच लावील.

काही नावांत आईचे नाव दडलेले आहे, ते पुष्कळांस ठाऊक नसते. सारिपुत्र म्हणजे रूपसारीचा पुत्र. त्याचे स्वतःचे नाव उपतिस्स. महामोग्गल्लान ह्याचे नाव कोलित. मोग्गल्लान, म्हणजे संस्कृतात मौद्गल्यायन, हे त्यास आईच्या मोग्गली ह्या नावावरून मिळाले. अशोकाच्या काळच्या तिसऱ्या संगीतीचे प्रमुख मोग्गलिपुत्त तिस्स. बुद्धचरिताचा कवी अश्वघोष स्वतःस सुवर्णाक्षीचा पुत्र म्हणवितो. कार्ल्याच्या सिंहस्तंभावर महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणक आहे आणि सातवाहनांत गौतमीपुत्र व वासिष्ठीपुत्र आहेतच. ह्या सर्वांत आम्हांस गोड वाटते ते कुमारजीव हे नाव. त्याचे वडील कुमारायण, आईचे नाव जीवा. दोघांची नावे जोडून मुलाचे नाव झाले. मध्य आशियातील कुचा येथे जन्मलेला हा भिक्षू ४०१ साली चीनच्या राजधानीस पोहोचला आणि त्याने केलेली सूत्रांची भाषांतरे चिनी विहारांत आजही पठनात आहेत. वडिलांच्या नावाने मुलगा आणि मुलाच्या नावाने वंश, एवढीच ज्यांची समजूत आहे, त्यांना कुमारजीव हे नाव काही शिकवील.

इतिहासात असलेले प्रत्येक नाव मात्र बाळास द्यावे असे नाही. अजातशत्रू हे नाव कानास भरते. ज्यास शत्रू जन्मला नाही तो, असा अर्थही चांगला. परंतु त्याने आपल्या पित्यास, बिंबिसार राजास, कैदेत घालून मारिले, हे मुलास पुढे शाळेत कळणारच. पुढे तो पश्चात्तापाने बुद्धाकडे आला हे खरे. तरी ही सर्व कथा पाळण्यात घालण्याचे कारण नाही. अंगुलिमालाचे मूळ नाव अहिंसक. ते खुशाल घ्यावे. अनाथपिंडक ही पदवी आहे, अनाथांना अन्न देणारा असा तिचा अर्थ. ज्याने जेतवन विकत घेऊन संघास दिले त्या श्रावस्तीच्या श्रेष्ठीचे नाव सुदत्त होते. सहा अक्षरांची पदवी मुलाने मोठेपणी मिळवावी, बारशास सुदत्त पुरे. मिलिंद हे नाव सर्व समाजांत रूढ झाले आहे. संस्कृतात त्याचा अर्थ भुंगा असा होतो, म्हणून पुष्कळ लोक तो अर्थ धरून ते ठेवितात. आपण ठेविले तर भिक्षू नागसेनास प्रश्न विचारून पटल्यावाचून मान न डोलविणारा यवन राजा मिनँडर, हा अर्थ धरावा. बाबासाहेबांनी मुंबईच्या महाविद्यालयास १९४६ साली सिद्धार्थ हे नाव दिले. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील महाविद्यालय मिलिंद झाले, आणि त्याचा परिसर नागसेनवन. प्रश्न करणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू एकाच आवारात आणून बसविले!

पत्रिकेतील अक्षरावरून नाव काढण्याची चाल काही दीक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाही, हे आम्ही खेदाने पाहतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात बाळाच्या नावाचे पहिले अक्षर ज्योतिषी ठरवितो, ह्यास काय म्हणावे? त्रिसरण-पंचशील घ्यावे, आईबापांनी मिळून नाव निवडावे, जमलेल्यांना त्याचा अर्थ सांगावा. एवढाच विधी पुरेसा आहे.

आणि घरातील हाक? आजीने 'बुद्ध्या' म्हटले, 'रक्षू' म्हटले, तर तिला कोणी अडवू नये. ती माया आहे. पण तेच 'या'कारान्त नाव चावडीवर, दुकानाच्या ओट्यावर किंवा शाळेच्या हजेरीत ऐकू आले, तर बापाने शांतपणे आणि तेथल्या तेथे पूर्ण नाव उच्चारून दाखवावे. भांडावयाचे नाही, फक्त पाच अक्षरे पुन्हा म्हणावयाची. आमचा अनुभव असा की, चार-सहा वेळा असे झाले म्हणजे समोरच्याची जीभ वळते.

कागदावर मात्र जीभ नव्हे, लेखणी वळवावी लागते, आणि येथेच आपली माणसे फसतात. आमच्याकडे येणाऱ्या कागदांत एकाच मुलाचे नाव जन्मदाखल्यावर 'धम्मपाल', शाळेच्या दाखल्यावर 'धर्मपाल' आणि आधारपत्रावर 'धमपाल' असे आढळते. पाली रूप आणि संस्कृत रूप, दोन्ही चांगली. परंतु सरकारी नजरेने ती दोन माणसे आहेत. शिष्यवृत्तीच्या वा जातप्रमाणपत्राच्या वेळी ही दोन माणसे एकच आहेत, हे सिद्ध करीत मुलाचा बाप तालुक्याच्या कचेरीत खेटे घालतो. म्हणून सिद्धत्थ की सिद्धार्थ, रक्खित की रक्षित, हे बारशापूर्वीच ठरवावे, आणि रोमन लिपीतही 'धम्म' ह्यात 'एम' दोन लिहावयाचे की एक, ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवावे. ती चिठ्ठी प्रत्येक कचेरीत दाखवावी. तोंडी सांगून लिहिणाऱ्याच्या कानावर विसंबू नये.

निरगुडसरच्या कुटुंबासाठी कायद्याची बाजू थोडक्यात अशी. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते. बाळ मंचरच्या रुग्णालयात जन्मले असेल तर नोंद मंचरास, निरगुडसरास नव्हे. नाव ठरलेले नसताना नोंद झाली असली तरी भिण्याचे कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ प्रमाणे नाव मागाहून घालता येते: नोंदणीपासून बारा महिन्यांत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. परंतु एकदा घातलेले नाव, मन बदलले एवढ्याच कारणाने बदलून मिळत नाही. कलम १५ हे चुकीच्या किंवा अयोग्य रीतीने झालेल्या नोंदीच्या दुरुस्तीसाठी आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जावयाचा आहे. तेव्हा त्यावरील प्रत्येक काना-मात्रा ताडून पाहावी. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. सारिपुत्राच्या अनुयायांना तो जड वाटू नये. आणखी एक. मुलाचे नाव बौद्ध ठेवल्याने कागदावरील धर्म आपोआप बौद्ध होत नाही. शाळेच्या नोंदवहीत तो रकाना वेगळा असतो व तो वेगळाच भरून घ्यावा लागतो. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झालेला आहे. त्यामुळे धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्याने हक्क जातो, ही जुनी भीती आता कोणी बाळगू नये. जातीच्या प्रमाणपत्रासाठी लागणारे वडील-आजोबांचे जुने दाखले मात्र, त्यांवर धोंड्या लिहिलेले असो की भिक्या, जपून ठेवावेत आणि त्यांतील एकही अक्षर स्वतःच्या हाताने खोडू नये.

आजीबाईंसाठी सूचना एवढीच की, 'बुद्ध' हा शब्द त्या वंदनेत रोज म्हणतात. उरलेली तीन अक्षरे बाळ रांगू लागेपर्यंत सहज येतील.